मानवाधिकार वकील, मग राजदूत, मग विद्यापीठप्रमुख: असा रस्ता आपल्याकडे आहे का?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार. एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला मानवाधिकारांच्या खटल्यांत काम करायचंय. घरचे म्हणतात, यूपीएससी दे, परराष्ट्र सेवेत जा, कोर्टात काय ठेवलंय. आमच्या सरांनी जॉन शॅटक या अमेरिकी वकिलाबद्दल वाचायला सांगितलं. वकिली, परराष्ट्र खातं, प्रागमध्ये राजदूत आणि शेवटी बुडापेस्टच्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीचे प्रमुख! त्यांच्या कामाबद्दल नीट माहिती असलेलं कुणी आहे का? आणि आधी वकिली करावी की आधी परीक्षा?

नाशिककर_८८

परीक्षेला वयाची अट आहे, वकिलीला नाही. आधी परीक्षा दे. बाकी मला माहीत नाही.

मुळामुठा

मी सीईयूत (म्हणजे याच सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीत) मानवाधिकार कायद्याचं एलएलएम केलं, तेव्हा शॅटक तिथे रेक्टर होते. ओळख वगैरे नव्हती, पण त्यांच्या कामाचा माझ्यावर फार परिणाम झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

त्यांची पदं क्रमाने वाचलीस तर हाती काही लागणार नाही. सुरुवात बघ. १९७१ पासून ते अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेत होते. तिथला मोठा दावा म्हणजे हॅल्परिन विरुद्ध किसिंजर. किसिंजर म्हणजे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार, आणि मॉर्टन हॅल्परिन त्यांच्याच हाताखाली राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत होते. अमेरिकेच्या कंबोडियातल्या गुप्त बॉम्बफेकीची बातमी फुटली आणि त्यांच्या घरच्या फोनवर २१ महिने पाळत बसली. त्यांनी नोकरी सोडली तरी पाळत चालूच. शॅटक यांनी हॅल्परिन कुटुंबाचं वकीलपत्र घेतलं. प्रतिवादी कोण, तर निक्सन, किसिंजर, अॅटर्नी जनरल मिचेल आणि निक्सन यांचे मुख्य सहायक हाल्डमन! १९७७ मध्ये कोर्टाने भरपाई दिली नाममात्र ५ डॉलर. पुढे अपिलं चालत राहिली आणि १९९२ मध्ये किसिंजर यांनी माफीचं पत्र लिहिलं, तेव्हा दावा मिटला. जवळजवळ वीस वर्षं! मानवाधिकारांच्या वकिलीत जायचं तर हा हिशेब आधी मनाशी पक्का कर.

नंतर हार्वर्डमध्ये प्रशासनात काही वर्षं. १९९३ मध्ये क्लिंटन यांनी त्यांना लोकशाही, मानवाधिकार आणि कामगार या विषयांचे सहायक परराष्ट्रमंत्री नेमलं. ज्या सरकारला कोर्टात खेचलं, त्याच सरकारच्या आत ते जाऊन बसले. याला तडजोड म्हणणारे आहेत, पण मला ते पटत नाही. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा बोस्नियन सर्ब फौजेच्या हाती पडलं, आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले. बायका-लेकरांना बसमध्ये कोंबून तुझ्ला भागाकडे पाठवलं. त्या महिन्याच्या अखेरीस शॅटक स्वतः तुझ्लात गेले आणि निर्वासितांच्या जबान्या घेतल्या. त्यांत प्रेतांखाली पडून राहिल्यामुळे वाचलेला माणूसही होता. इतक्या वरच्या हुद्द्याचा माणूस दूतावासाच्या अहवालांवर भागवू शकला असता. हे समोर बसून, दुभाष्याबरोबर एकेक प्रश्न विचारत राहिले. १० ऑगस्टला अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूत मॅडलिन ऑलब्राइट यांनी सुरक्षा परिषदेपुढे हवाई छायाचित्रं ठेवली, तेव्हा त्यांच्या जोडीला अशा जबान्या होत्या. २००१ मध्ये हेगच्या युगोस्लाव्हिया युद्धगुन्हे न्यायाधिकरणाने बोस्नियन सर्ब जनरल क्रस्तिच यांच्या खटल्यात तिथे वंशसंहार झाल्याचं ठरवलं आणि ४६ वर्षांची शिक्षा दिली (अपिलात ३५ झाली). तो निकाल आम्हाला वर्गात परिच्छेदामागून परिच्छेद वाचायला लावला होता. कोण कुठल्या वेळी कुठल्या शेतात उभा होता, यावर सगळं उभं आहे. वाचता वाचता माझ्याच्याने पुढे जाववेना. पण साक्ष म्हणजे काय ते मला तिथे कळलं, परीक्षेसाठी पुरावा कायदा पाठ करताना कळलं नव्हतं.

आता दुसरी बाजू, कारण तीही तुला माहीत हवी. फेब्रुवारी १९९४ मध्ये बीजिंगमध्ये शॅटक चीनमधले लोकशाहीवादी कार्यकर्ते वेई जिंगशेंग यांना भेटले. वेई चौदा वर्षांवर तुरुंगात काढून नुकतेच सुटले होते. काही आठवड्यांतच चीनने त्यांना परत उचललं आणि पुढे १४ वर्षांची शिक्षा ठोठावली. ते १९९७ मध्ये सुटून अमेरिकेत गेले. आणि त्याच १९९४ च्या मे महिन्यात क्लिंटन यांनी चीनच्या व्यापारी सवलतींना घातलेली मानवाधिकारांची अट काढून टाकली. म्हणजे तुझं खातं एक सांगणार आणि सरकार भलतंच करणार. वकील अशिलाचा शब्द शेवटपर्यंत लावून धरू शकतो, मुत्सद्द्याला ती मोकळीक नाही. हे सोसेल का, असं स्वतःला विचार.

प्रागच्या दोन वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सीईयूत मात्र ते २००९ पासून २०१६ पर्यंत होते. १९९१ मध्ये अब्जाधीश जॉर्ज सोरोस यांच्या पैशातून उभं राहिलेलं हे विद्यापीठ. २०१० मध्ये हंगेरीत व्हिक्टर ऑर्बान पंतप्रधान म्हणून परत सत्तेवर आल्यापासून हवा बदलत होती. एप्रिल २०१७ मध्ये संसदेने थेट सीईयूवर रोखलेला कायदा केला. तोवर शॅटक जाऊन त्यांच्या जागी मायकल इग्नातिएफ रेक्टर झाले होते. अमेरिकी पदवीचे अभ्यासक्रम बुडापेस्टमध्ये चालवणं अशक्य झालं आणि विद्यापीठाला व्हिएन्नाला जावं लागलं. २०२० मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायदा बेकायदा ठरवला, पण तोवर गाशा गुंडाळून झाला होता. नादोर रस्त्यावरचं आमचं ग्रंथालय आठवलं की आजही जीव तुटतो.

सासवडचा_वकील

मुळामुठा ताईंनी छान लिहिलंय. पोरी, इकडची व्यवहाराची बाजू मी सांगतो. अमेरिकेत सरकार बदललं की बाहेरची माणसं वरच्या जागी बसतात. आपल्याकडे तसं नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी धरलीस तर बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिली थांबवावी लागते. कुलगुरू व्हायचं तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्राध्यापकपदाची किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक प्रशासन संस्थेतली दहा वर्षं मागतात. लक्ष्मीमल्ल सिंघवींसारखे वकील १९९१ मध्ये लंडनला उच्चायुक्त झाले, पण ती राजकीय नेमणूक.

आपल्याकडचा माणूस हवा तर न्या. छागला बघ. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, स्वातंत्र्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे पहिले भारतीय मुख्य न्यायमूर्ती, १९५८ पासून वॉशिंग्टनला राजदूत, मग लंडनला. केंद्रात मंत्रीही झाले. आणि एवढं सगळं भोगून झाल्यावर पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर आणीबाणीविरुद्ध जाहीर बोलले. दुसरे आमच्या सासवडचे न्या. वि. म. तारकुंडे. न्यायाधीशपद सोडून १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात वकिली करायला गेले आणि १९७६ मध्ये जयप्रकाशांबरोबर पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना उभी केली. राजदूत झाले नाहीत, पण मला विचारशील तर तुझा रस्ता त्यांचा.

कृष्णाकाठ_सांगली

दोघांचेही आभार. ताई, परीक्षेचा अर्ज भरतेय, पण या उन्हाळ्यात विधी सेवा प्राधिकरणात काम करणार आहे. कच्च्या कैद्यांना भेटायला कारागृहात न्यायचं ठरलंय. पहिल्या भेटीत काय विचारू?

मुळामुठा

कायद्याचं काही नको. अटक कुठल्या दिवशी, किती वाजता, कोण कोण होतं, मॅजिस्ट्रेटपुढे कधी उभं केलं. अटकेनंतर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, त्याचा हिशेब तिथेच लागतो. घरी कुणाला कळवलं तेही विचार. तो सांगेल त्याच शब्दांत लिही, आपली भाषा घालू नकोस. मग त्याला वाचून दाखव आणि चुकलेलं त्याच्याकडूनच दुरुस्त करून घे.