'स्पेशल एडिशन'ला मराठीत काय म्हणायचं?

नांदेडकर : एका दिवाळी अंकासाठी जुन्या हॉलिवूड अ‍ॅक्शन थ्रिलरच्या नव्या ब्लू-रे संचाचं परीक्षण लिहायलोय. पिक्चर नव्वदच्या दशकातला, संच दोन डिस्कांचा. खोक्यावर 'स्पेशल एडिशन', 'एक्स्टेंडेड कट', 'न्यू 4के ट्रान्सफर', 'डिलिटेड सीन्स', 'ऑडिओ कॉमेंट्री' असं सगळं छापलंय. संपादकांचा निरोप आहे की होईल तेवढं मराठीत लिहा. मी लिहिलं : 'या थरारपटाच्या विशेष आवृत्तीत विस्तारित कट, नवे हस्तांतरण, वगळलेली दृश्ये आणि ध्वनी समालोचन यांचा समावेश आहे.' बायकोनं वाचलं आणि विचारलं, जमीन कुणाच्या नावावर केली? काही सुचवा.

परभणीकर : 'विस्तारित कट' तर अजूनच धोक्याचा, सर. खोक्यावर कट म्हणजे पिक्चरचं संकलित केलेलं रूप, पण मराठीत कट रचतात, शिजवतात आणि उधळतात. थ्रिलरच्या परीक्षणात 'विस्तारित कट' वाचल्यावर कुणालाही वाटणार की खलनायकानं आणखी माणसं सामील करून घेतली.

आता 'विशेष आवृत्ती'. आवृत्ती म्हटलं की आपल्याला पुस्तकाची आठवते, नाहीतर पेपरची मराठवाडा आवृत्ती. पेपरच्या आवृत्तीत बातम्याच वेगळ्या असतात. म्हणजे वाचणारा धरून चालणार की या डिस्कवर पिक्चर वेगळा आहे. पण स्पेशल एडिशनमध्ये कित्येकदा तोच पिक्चर असतो, सोबत मुलाखतींची एक जादा डिस्क. कधी पिक्चर खरंच वेगळा असतो. 1991च्या 'टर्मिनेटर 2'ची स्पेशल एडिशन थिएटरातल्यापेक्षा सुमारे 15 मिनिटांनी मोठी आहे. गंमत अशी की दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनच्या लेखी थिएटरात लागला तोच त्याचा खरा कट, म्हणून मोठ्या रूपाला 'डायरेक्टर्स कट', म्हणजे दिग्दर्शकाच्या मनासारखं रूप, असं नाव दिलं नाही. उलट रिडली स्कॉटच्या 1979च्या 'एलियन'चा 2003 साली आलेला डायरेक्टर्स कट मूळ सिनेमापेक्षा मिनिटभर लहानच आहे. खोक्यावरच्या नावावरून आत काय निघेल याचा पत्ता लागत नाही. त्या नावाचं मराठी करत बसण्यात अर्थ नाही. नाव छापलंय तसं देवनागरीत ठेवा आणि केलं काय ते मराठी क्रियापदात सांगा : जोडलं, गाळलं, बदललं, की नुसतं धुऊनपुसून दिलं?

जालन्याचे काका : क्रियापदांचं पटलं. त्यात माझी भर. आमच्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा असायचा. माळेगावच्या जत्रेत तर असे तंबू लई. प्रिंट पत्र्याच्या पेटीतून यायची, 'पेटी आली का?' असंच विचारायचे लोक. पुढचा शो गाठायचा म्हणून ऑपरेटरनं मधलंच रीळ उडवलं, की अर्धा तंबू उठून ओरडायचा, 'ए, पिच्चर कापला रे!' म्हणून आमच्या पिढीला 'कट' म्हणजे नुकसान. एक्स्टेंडेड कट म्हणजे वाढवलेलं नुकसान का काय ते तुम्हीच सांगा.

पण तीन कामं वेगळी ठेवा. दिग्दर्शकानं नाहीतर संकलकानं आपल्या मर्जीनं काढलं ते गाळलं. सेन्सॉरनं काढायला लावलं ते कापलं. ऑपरेटरनं वेळेपायी काढलं ते उडवलं. 'वगळलेली दृश्ये' लिहिलं की तिन्ही एकाच पोत्यात जातात.

चौथं काम 'शोले'त झालं. मूळ शेवटात ठाकूर खिळ्याच्या बुटांनी गब्बरला जीवे मारतो. 1975 साली सेन्सॉरला ते चाललं नाही, तेव्हा पोलीस येऊन ठाकूरला अडवतात असा शेवट नव्यानं चित्रित केला. मूळ शेवट पुढं व्हिडिओवर लोकांनी पाहिला. आता याला 'डिलिटेड सीन' म्हणणार का? हा सीन गाळला नाही, बदलला. माझ्या मते त्या शेवटासारखा शेवट नाही, पण ते जाऊ द्या.

लातूरकर ताई : नांदेडकर दादा, 'हस्तांतरण' आजच्या आज खोडा. त्यासाठी शब्द शोधायचीसुद्धा गरज नाही, तो आपल्या तोंडात आहे : प्रिंट. व्हीसीडी भाड्यानं आणायचो तेव्हा दुकानदाराला पहिला प्रश्न 'प्रिंट कशी आहे?' हाच असायचा. 'थेटर प्रिंट' म्हणजे कुणीतरी पडद्यावरून कॅमेऱ्यानं चोरून उतरवलेली, मधून डोकी जाणारी. 'क्लिअर प्रिंट' म्हणजे घरी न्यायला हरकत नाही. सिनेमा दोन सीड्यांवर असायचा आणि मारामारी ऐन रंगात आली की पहिली संपायची.

परभणीकर : ताई, तांत्रिकदृष्ट्या प्रिंट वेगळी. निगेटिव्हवरून थिएटरसाठी काढतात ती प्रिंट. इथं निगेटिव्ह स्कॅन करून डिजिटल केलंय. प्रिंटचा संबंधच नाही.

लातूरकर ताई : संबंध नसू दे. शब्द पुढं सरकला. सीडीवर कुठली फिल्म होती? तरी प्रिंटच म्हणायचो. 'निगेटिव्हवरून 4केमध्ये नव्यानं उतरवलेली प्रिंट' लिहा, दिवाळी अंक वाचणाऱ्या आजोबांनाही कळेल. कॅसेटवरून कॅसेट उतरवून घेणं सगळ्यांनी केलंय, त्यामुळं 'उतरवणं' कुणाला शिकवावं लागत नाही.

आणि प्रिंट चांगली म्हणजे काय, तेही दोन ओळीत लिहा. जुन्या फिल्मच्या चित्रात बारीक कण दिसतात. त्याला आपल्याकडं आयता शब्द आहे, रवाळ. तूप रवाळ असतं तसं चित्र रवाळ. हे कण म्हणजे घाण नव्हे, चित्रच त्यांनी बनलेलं असतं. काही कंपन्या सॉफ्टवेअरनं ते पुसतात आणि मग नायकाचं तोंड गुळगुळीत होतं. दाढीचे खुंट जातात, कपाळावरच्या घामाचा एक डाग होतो. तुमच्या डिस्कवर रात्रीचा एखादा पाठलाग असेल, तो लावून बघा. अंधार काळा आहे की राखाडी? मागच्या भिंतीच्या विटा मोजता येतात का? ज्याला पैसे टाकायचेत त्याला ही माहिती पाहिजे.

नांदेडकर : 'रवाळ' घेतला, ताई. माझी प्रिंट रवाळच आहे, पाठलागही बघितला. अंधार काळा आहे, पावसात भिजलेल्या रस्त्यावर सिग्नलचा लाल उजेड वेगळा उठून दिसतो. एक शंका आहे. माझ्याकडच्या जुन्या डीव्हीडीवर हाच पिक्चर ब्लू-रेवरच्या थिएटर कटपेक्षा पाचेक मिनिटांनी लहान आहे. तिथं कुणी कापला?

परभणीकर : कुणीच नाही. आपल्याकडच्या हॉलिवूड पिक्चरच्या डीव्हीड्या बहुतेक पाल (PAL) या टीव्ही पद्धतीच्या. फिल्म सेकंदाला 24 चौकटींनी चालते, पालवर 25नं चालवतात. पिक्चर चार टक्के जोरात पळतो. 120 मिनिटांचा पिक्चर 115 मिनिटांत संपतो आणि सगळ्यांचे आवाज किंचित बारीक होतात. ब्लू-रेवर 24च्या 24 राहतात. या कामाला आपल्या कुणाचंच क्रियापद बसत नाही. 'पळवला' म्हणा, पण त्याचा दुसरा अर्थ चोरला असा होतो.

जालन्याचे काका : व्हिडिओच्या धंद्यात तो दुसरा अर्थही खराच होता की!

उदगीरकर : वर-खाली येणाऱ्या काळ्या पट्ट्यांचंही लिहा. आमच्या घरी अजून ओरडा होतो, 'पिक्चर कापलाय, झूम कर.' आहे उलटं. रुंद पडद्याचा 2.39 : 1 मापाचा पिक्चर जुन्या चौकोनी टीव्हीभर पसरवायचा तर बाजूचं चव्वेचाळीस टक्के चित्र जातं. पट्ट्या असतात तेव्हा चित्र पूर्ण असतं. दोन माणसं पिस्तुलं रोखून समोरासमोर उभी आहेत आणि टीव्हीवर दोघांची फक्त नाकं दिसतात, असं आम्ही केबलवर लई पाहिलंय.

लातूरकर ताई : राहिल्या दोन गोष्टी. जादा डिस्कला 'अतिरिक्त सामग्री' म्हणू नका, ते टेंडरमध्ये शोभतं. पुरवणी म्हणा. आणि 'ध्वनी समालोचन'सुद्धा नको. कॉमेंट्री क्रिकेटमुळं घराघरात आहे, फक्त कोण बोलतंय ते सांगा : 'दिग्दर्शक आणि संकलक पिक्चरसोबत बोलत राहतात.'

उदगीरकर : पुरवणी म्हटलं की मला परीक्षेचा हॉल आठवतो. मुख्य पेपर कोरा आणि पुरवण्या मागणारे हुशार.

लातूरकर ताई : मग शब्द अजूनच चपखल बसला. तसल्या डिस्का कमी आहेत का?

नांदेडकर : नवा मसुदा टाकतो. 'स्पेशल एडिशनमध्ये पिक्चर दोन रूपांत आहे. थिएटरात लागलेला, आणि तेव्हा गाळलेले काही प्रसंग परत जोडून लांबवलेला. जोडलेल्यातला एकच प्रसंग कामाचा : नायक बाँब निकामी करायला निघण्याआधी बायकोला फोन लावतो आणि काही न बोलता ठेवतो. बाकीच्यांनी पाठलागाची लय मोडते, म्हणून पहिल्यांदा बघणाऱ्यानं थिएटरचाच बघावा. प्रिंट निगेटिव्हवरून नव्यानं उतरवलेली, रवाळ आणि स्वच्छ. कॉमेंट्रीत दिग्दर्शकापेक्षा स्टंट सांभाळणारा माणूस जास्त सांगून जातो. पुरवणीच्या डिस्कवर जुन्याच मुलाखती आहेत, जुनी डीव्हीडी ज्यांच्याकडं आहे त्यांनी तेवढ्यासाठी पैसे घालू नयेत.'

जालन्याचे काका : आता कळलं घ्यायचा की नाही. 'थरारपट' कुठं गेला?

नांदेडकर : शीर्षकात ठेवलाय, काका. तो संपादकांसाठी.

परभणीकर : 'लांबवलेला'त थोडी कुरकुर ऐकू येते. 'वाढवलेला' करा. की कुरकुरच करायचीय?

नांदेडकर : कुरकुरच करायचीय. राहू द्या.