[मंडळ] किल्लीवाल्या आजोबांचं पार्सल: लोणी अडतं का?

प्रेषक: प्रसाद

मंडळी,
काल आजोबांचा स्पेनमधल्या आलिकान्तेहून फोन होता. तब्येत ठीक, ऊन भरपूर. तक्रार एकच, हॉगमनी (स्कॉटलंडचा 31 डिसेंबर) तोंडावर आला आणि घरात शॉर्टब्रेड (लोण्याचं बिस्किट) नाही. तिथल्या ब्रिटिश दुकानात टार्टनच्या (स्कॉटिश चौकडीच्या) नक्षीचे डबे मिळतात, पण ते म्हणे "पाहुण्यांसाठी". त्यांना वैशालीताईंच्या हातचं हवंय.

पोस्टात याच आठवड्यात टाकायला हवं. अडचण अशी की ब्रेक्झिटनंतर इथून, एडिंबऱ्याहून, ईयूमध्ये दुधाचे पदार्थ जात नाहीत आणि शॉर्टब्रेडमध्ये एक तृतीयांश लोणीच असतं. हल्ली कुणी स्पेनला खाऊ पाठवलाय का? फॉर्मवर काय लिहिलंत? तेवढंच सांगा, पातेल्यांचा विषय इथे नको.

---

प्रेषक: शरदकाका
विषय: रे: किल्लीवाल्या आजोबांचं पार्सल

पाठवू नये असं माझं स्पष्ट मत. जानेवारी 2021 मध्ये हूक ऑफ हॉलंड बंदरात डच अधिकाऱ्यांनी ब्रिटनहून आलेल्या ट्रकवाल्यांची हॅम सँडविचं काढून घेतली होती, सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. सँडविच सोडत नाहीत ते लोणी सोडतील?

आणि पातेल्यांचा विषय मी काढला नव्हता.

---

प्रेषक: शुभा
विषय: रे: रे: किल्लीवाल्या आजोबांचं पार्सल

काका, ते हॅम होतं. मांस आणि दूध-लोणी-चीज यांना बंदी आहे, पण पाव, केक, बिस्किटं, चॉकलेट यांना त्याच नियमात सूट आहे, मांस घातलेलं नसलं म्हणजे झालं. लोण्याची वडी पाठवलीत तर अडेल. तेच लोणी पिठात मळून भाजलं की ते बिस्किट.

फॉर्मवर "बिस्किटं, भेट" लिहा. किंमत खरी टाका आणि 45 युरोच्या आत ठेवा, म्हणजे आजोबांना दारात पैसे मोजायला लागणार नाहीत. नुसतं "खाऊ" किंवा "बटर" लिहू नका, उगाच कुणीतरी खोकं उघडून बसेल. ताई, कढवलेल्या तुपाची बरणी त्यात सारू नका. तुम्ही सारणार हे मला माहीत आहे.

---

प्रेषक: वैशालीताई

तूप मी ठेवणारच होते, आता नाही ठेवत.

शनिवारी भाजते. साखर 100, लोणी 200, पीठ 300 ग्रॅम, आणि त्या 300 मधलं 50 तांदळाचं, म्हणजे दाताखाली खुसखुशीत लागतं. लोणी खारं नको, मीठ आपलं चिमूटभर. जेमतेम गोळा होईल इतकंच मळायचं, पोळीच्या कणकेसारखं तिंबलंत तर चिवट होतं. थापलं की काट्याने टोचायचं, 150 वर पाऊण तास आणि कडेला नुसता पिवळसर रंग आला की बाहेर. तपकिरी झालं तर ते आजोबांना पाठवायचं नाही, तुम्ही खा. वड्या गरम असतानाच पाडायच्या, गार झाल्यावर सुरी लावली की भुगा.

डबा कोण देतंय? मागच्या वर्षीचे माझे दोन अजून आलेले नाहीत.

---

प्रेषक: कल्पना

> त्या 300 मधलं 50 तांदळाचं

आजींनी हॉलच्या स्वयंपाकघरात शिकवलं तेव्हा मी शेजारी उभी होते. त्यांनी बारीक रवा घातला होता. आजोबांना त्याच चवीची सवय असणार, म्हणून आपलं सांगितलं. बाकी ताई करतील ते चांगलंच.

---

प्रेषक: वैशालीताई

रवा त्या दिवशी घातला, कारण तांदळाचं पीठ तू उकडीच्या मोदकांना संपवलं होतंस. इथे रवाही घालतात आणि तांदळाचं पीठही, दोन्ही जुनंच. मी तांदळाचं घालणार.

---

प्रेषक: मंदार (दुबई)

एडिंबरा सोडलं तरी लिस्टवर आहे, म्हणून मधे बोलतो.

इथे माझा साहेब ॲबरडीनचा, तेलाच्या कामावरचा. तिकडे आम्ही एकाच ऑफिसात होतो, घरी जाणंयेणं होतं, पण शॉर्टब्रेडचा डबा त्याच्याकडे कधी दिसला नाही. ते टूरिस्टांचं, म्हणायचा. दुबईत आल्यावर त्याच्या टेबलाच्या खणात वॉकर्सचा लाल डबा कायमचा. एक तुकडा देताना हा माणूस मला जोसेफ वॉकरची 1898 ची बेकरी, स्पेसाइडमधलं ॲबरलूर, सगळं ऐकवतो. नोव्हेंबरअखेर सेंट अँड्र्यूज डे, जानेवारीत बर्न्स सपर (कवी बर्न्सच्या नावाची मेजवानी), दोन्हीकडे किल्ट घालून हजर. ॲबरडीनला त्याला किल्टमध्ये मी एकदाही पाहिलं नव्हतं.

आपणही पुण्यात असताना बाकरवडीच्या रांगेत कुठे उभे राहत होतो? त्यामुळे आजोबांना पाठवाच. फुटलं तरी चालेल, ते चमच्याने खातील.

---

प्रेषक: शरदकाका

मंदार, बाकरवडीच्या रांगेत मी उभा राहत होतो.

शुभाने नियम सांगितला, तो मान्य. पण हॉगमनीचंच का, हे नव्या मंडळींना कुणी सांगितलेलं दिसत नाही. इथे 1958 पर्यंत नाताळची सार्वजनिक सुट्टीच नव्हती. हौसमौज सगळी 31 डिसेंबरला. बारा वाजून गेल्यावर उंबरठा पहिल्यांदा कोण ओलांडतो त्यावर घराचं वर्ष कसं जाणार ते ठरतं. तो पुरुष हवा, उंच हवा आणि केस काळे हवेत. हातात कोळसा, शॉर्टब्रेड, ब्लॅक बन (सुक्या मेव्याचा केक), व्हिस्की. एडिंबऱ्याच्या लीथ भागात आमच्या जिन्यात सगळे गोरे-भुरे, काळ्या केसांचा मी एकटा. उंचीकडे त्यांनी कानाडोळा केला. पावणेबाराला मला बाहेर काढून दार लावायचे, एका खिशात कोळसा, दुसऱ्यात रुमालात बांधलेलं शॉर्टब्रेड. चार मजले, आठ दारं, प्रत्येक दारात एक घोट. नववर्षाच्या सकाळी हिने माझ्याशी बोलायचं नाही हाही रिवाजच झाला होता.

केस पांढरे झाल्यापासून बोलावणं नाही.

---

प्रेषक: निखिल

काकांचा जिना भारी!

विषय निघालाच आहे तर, हंटलीच्या डीन्स या शॉर्टब्रेड कंपनीची सुरुवात माहीत आहे का? 1975 मध्ये हेलन डीन यांनी गावच्या पाइप बँडला पैसे उभे करायला घरी शॉर्टब्रेड भाजून विकायला सुरुवात केली. पुढे त्याची कंपनी झाली. आपल्या ढोल पथकाला नवीन पानं हवीत, कमिटी दर वेळी "पुढच्या वर्षी" म्हणते. वैशालीताई भाजतील, आम्ही पोरं विकू. अंडं नसतं, त्यामुळे भारतातून आलेल्या आईवडिलांनाही निर्धास्त देता येतं.

---

प्रेषक: वैशालीताई

वैशालीताई एका वेळी दोन ट्रे भाजतात. पोरांनी मळायला यावं, मग बोलू.

---

प्रेषक: कल्पना

विकायचं असेल तर रव्याचं आणि तांदळाचं असे दोन प्रकार ठेवता येतील.

---

प्रेषक: प्रसाद

ठरलं: शनिवारी भाजणं, सोमवारी पोस्ट, फॉर्म शुभा भरेल. वड्यांच्या थरांमध्ये बेकिंग पेपर आणि डब्याच्या कडेने टिश्यू गच्च, आत काही हललं नाही पाहिजे. पोस्टेज मंडळाच्या खात्यातून.

---

प्रेषक: शरदकाका (कोषाध्यक्ष)

> पोस्टेज मंडळाच्या खात्यातून

हे कुठल्या बैठकीत ठरलं?