डोंगळ्यात पेट्या ठेवल्या, पण माशीनं खायचं काय?

शिवारकरी (जालना):
कांदा बियाण्याच्या डोंगळ्यात (बियाण्यासाठी फुलावर आणलेल्या कांद्यात) यंदा परागीभवनासाठी भाड्याच्या मेलिफेरा माशीच्या, म्हणजे पेटीत पाळायच्या परदेशी मधमाशीच्या, पेट्या ठेवल्या. पेटीवाल्यानं एक चौकट उचलून दाखवली. नीट पोसलेल्या पेटीत लहान अळी मेणाच्या घराच्या तळाशी पांढऱ्या दाट खाद्यात तरंगते. इथं अळ्या कोरड्या पडलेल्या, परागाची घरं रिकामी, आणि शेजारी साखरेचा पाक मात्र काठोकाठ.

माझं स्पष्ट मत आहे: पाकानं उडायची ताकद येते, अंग भरत नाही. अळी वाढवायला प्रथिनं आणि स्निग्धांश लागतात, ते परागातून येतात. मधमाशीला 10 अत्यावश्यक अमिनो आम्लं लागतात, हे 1953 सालापासून माहीत आहे. सगळ्या फुलांचा पराग सारखा नसतो. कुठे प्रथिनं 3 टक्क्यांच्या आत, तर कुठे 60 च्या घरात. म्हणून तऱ्हेतऱ्हेची फुलं हवीत. आपण मात्र तणनाशक मारून बांध भुंडे केले आणि वर माशी कमी झाली म्हणून ओरडतो.

पेटीवाला (परभणी):
भाऊ, परागाचं पटलं, पण पाकाला नावं ठेवू नका. भर पावसाळ्यात माशी आठ-आठ दिवस बाहेर पडत नाही, तेव्हा पाक दिला नाही तर पेटीच मरते. सोयाबीनचं पीठ आणि यीस्ट कालवून गोळेही देतो आम्ही. परागाची सर येत नाही, मान्य. पण पराग संपला की माश्या स्वतःच्याच अळ्या खातात आणि राणी अंडी घालायची थांबते. ते डोळ्यानं बघितलेला माणूस गोळ्यांना हसणार नाही.

कोरडवाहू (बीड):
सोयाबीन स्वतःच्याच परागावर शेंगा धरतं. दोन एकरवाल्यानं माशीसाठी बांध का सोडावा? खुरपायला मजूर मिळत नाही म्हणून तणनाशक मारतो, हौस म्हणून नाही.

शिवारकरी:
दादा, सोयाबीनचं खरंय. पण टरबुजात नर-मादी फुलं वेगळी असतात, तिथं माशीशिवाय फळ धरणार कसं? आणि पेटीतल्या माशीला पाक देता येतो. झाडावरचं आग्या मोहोळ, झुडपातली फुलोरी, लाकूड पोखरणारा काळा भुंगा, यांना कोण भरवणार? त्यांना शिवारात मिळेल तेवढंच.

तेरणाकाठ (लातूर):
मग सूर्यफूल परत आणा, आपल्याकडे शिवारंच्या शिवारं पिवळी असायची. 2018 साली अमेरिकेतल्या बंबलबी या केसाळ, गुबगुबीत माशीवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. (ही माशी आपल्या देशात हिमालयाकडे, इथला काळा भुंगा निराळा.) सूर्यफुलाचा पराग खाल्लेल्या माश्यांच्या आतड्यातले परजीवी खूप कमी झाले. म्हणजे अन्न हेच औषध.

पेटीवाला:
औषध म्हणून ठीक, रोजचं जेवण म्हणून नाही. त्या परागात प्रथिनं कमी असतात. नुसत्या सूर्यफुलावर ठेवलेली पेटी मध देते, पण पिलावा (पेटीतल्या अळ्या-पिल्लं) मागं पडतो.

बियाणेवाला (जालना):
शिवारकरी, बांधावर फुलं वाढवली तर आमचं नुकसान. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त, माशीला तो फारसा रुचत नाही. शेजारी दुसरं काही फुललं की ती डोंगळा सोडून तिकडं जाते. मी पेट्यांचं भाडं शेजाऱ्याच्या फुलांसाठी भरत नाही.

शिवारकरी:
हा मुद्दा खरा आहे. म्हणूनच वेळ साधायची. डोंगळे उमलायच्या आधी शाळू आणि करडई, डोंगळे ओसरताना कडुनिंब, पावसाळ्यात बाभूळ. शाळूत मकरंद नाही, पण थंडीत माश्या पराग न्यायला कणसांवर येतात. आपण शाळू कमी केला तसा हा घासही गेला. डोंगळ्याचे आठवडे सोडले तर माशीला उरलेलं वर्षही जगायचं असतं ना?

बियाणेवाला:
करडई उशिरा पेरली गेली तर दोन्ही फुलोरे एकत्र येतात. जोखीम माझीच राहते. माझा विरोध कायम.

कोरडवाहू:
बांध सोडणार नाही. विहिरीकडच्या मुरमाड तुकड्यावर तरवड आहे, काळे भुंगे येतात त्याच्यावर. तो तोडणार होतो, राहू देतो. तणनाशक मात्र सोयाबीनला मारणारच.