बॅटरी टिकवण्याचे तुमचे अनुभव (फोन, लॅपटॉप, काहीही)

माटुंगाकर
सकाळी सोसायटीच्या मीटर रूमचं काम निघालं, वीज गेली. बायकोने विचारलं, लॅपटॉप भरलेला आहे ना? आणि मला एकदम १२ ऑक्टोबर २०२० आठवला. दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, लोकल जिथल्या तिथे उभ्या. माझे बाबा तेव्हा कोविड वॉर्डात. भेटायला सोडत नव्हते. तिथल्या सिस्टर दिवसातून एकदा व्हिडिओ कॉल लावून द्यायच्या, वेळ ठरलेली नसायची. राउटर बंद, फोनची बॅटरी लाल झालेली.
लॅपटॉपची स्क्रीन अगदी मंद केली, वायफाय-ब्लूटूथ बंद केलं आणि युएसबीला फोन जोडून ठेवला. लॅपटॉपची बॅटरी साधारण ५० वॅट-तासांची असते, फोनची १५ च्या आसपास, म्हणजे फोन सहज दोनदा भरतो. सिस्टरना मेसेज टाकला, आज साधाच फोन लावा. दुपारी फोन आला, बाबा दोन मिनिटं बोलले. पुढे बरे होऊन घरी आले, आता तेच मला चार्जरची आठवण करतात.
तेव्हापासून बॅटरी हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. कशाने फरक पडला, कशाने नाही, तुम्हीही लिहा.

विरारफास्ट
गाडीतूनच लिहितोय. दादरला चढताना ६० टक्के असतात, घरी पोचेपर्यंत अर्धे. व्हिडिओ न बघता! पळत्या गाडीत फोन सारखा टॉवर बदलतो आणि सिग्नल कमजोर असला की स्वतः जोर लावून बोलतो, त्यातच बॅटरी जाते. भाईंदर खाडीच्या पुलावर तर हातात गरम लागतो. ५जी बंद करून ४जी वर ठेवलाय, गाणी घरच्या वायफायवर उतरवून घेतो. बराच फरक आहे. बोरिवली आली, लोंढा चढतोय, ठेवतो

गिरगावची सून
बाबांचं वाचून डोळे भरून आले हो.
आमच्याकडे सासरे कोणालाच फोन अर्ध्यावर असताना चार्ज करू देत नाहीत. "पूर्ण उतरू दे, मग लाव." मी म्हणते लावू दे. रोजचा वाद. कोणाचं बरोबर ते सांगा, मी भाजी टाकून येते.

ओमचा नियम
काकू, तुमचं बरोबर. पण सासऱ्यांचंही एकेकाळी बरोबर होतं. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अर्ध्यावरच भरत राहिलं की पूर्ण क्षमता देईनाशा व्हायच्या, म्हणून त्या उतरवायला सांगत. आपल्या हातातल्या लिथियम-आयन आहेत. सोनीने त्या १९९१ मध्ये बाजारात आणल्या आणि त्यामागच्या संशोधनाला २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं (गुडइनफ, व्हिटिंगहॅम, योशिनो). या बॅटरीला शून्यावर नेणं मुळीच मानवत नाही.
ती म्हातारी होते मुख्यतः दोन गोष्टींनी, उष्णता आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास पडून राहणं. १०० टक्क्यांना सेल साधारण ४.२ व्होल्टवर असतो, म्हणजे रबर सतत ताणून धरल्यासारखा. म्हणून २० ते ८० च्या मध्ये खेळवा. बाहेरगावी जायचं असेल तर बेधडक १०० करा, लगेच वापरणार असाल तर काही बिघडत नाही. वाईट काय, तर रात्रभर उशीखाली चार्जिंगला लावणं. भरलेलीही आणि तापलेलीही.
बहुतेक नव्या फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय आहे, सेटिंग्जमध्ये बॅटरीखाली शोधा.

चहाबाज
+१
मे महिन्यात टॅक्सीच्या डॅशबोर्डवर फोन चार्जिंगला, मॅप चालू, वर ऊन. ड्रायव्हर भाऊंना मी दर वेळी सांगतो एसीच्या झडपेपुढे लावा. ऐकतात बिचारे.

जुई
घरून काम, लॅपटॉप कायम प्लगमध्ये. चालतं का?

ओमचा नियम
प्लगमध्ये चालतो, १०० वर नको. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचं जे अॅप आधीच असतं त्यात मर्यादा घालता येते, कुठे ६० कुठे ८०. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टवर (आदेश टाइप करायची खिडकी) powercfg /batteryreport असं टाक. एक फाइल तयार होते, त्यात बॅटरी नवी असताना किती धरायची आणि आता किती धरते, दोन्ही आकडे दिसतात. आणि गादीवर ठेवून वापरू नकोस, खालची जाळी झाकली जाते.

निवृत्त पार्लेकर
२६ जुलै २००५ चा पाऊस. मी कलिन्यात अडकलेलो. खिशात साधा नोकिया, बॅटरी भरपूर (तेव्हा एकदा भरला की आठवड्याची निश्चिंती असे) पण नेटवर्कच नाही. घरी कळवायचं कसं? एका चाळीतल्या बाईंनी दारातून हाक मारली, लँडलाइन चालू होता. वर चहा, बिस्किटं, कोरडा टॉवेल. त्यांचं नावही विचारायचं राहिलं. विषय बॅटरीचा आहे, पण २६ जुलै म्हटलं की मला त्या बाईच आठवतात.

गिरगावची सून
काका, लिहिलंत ते फार बरं केलंत. आमचे हे त्या दिवशी अंधेरीहून चालत आले होते, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले.
सासऱ्यांना वाचून दाखवलं. "एकेकाळी बरोबर होतं" एवढंच त्यांनी ऐकलं 😄

भटक्या
ट्रेकवाल्यांसाठी. कर्जत सुटलं की नेटवर्क जातं आणि फोन ते शोधून शोधून मरतो. विमान मोड लावा. जीपीएस त्यातही चालतं, नकाशा आधी उतरवून ठेवा. मी दिवसभर चालून संध्याकाळी निम्म्याहून जास्त बॅटरी घेऊन खाली येतो. भूमिगत मेट्रो ३ मध्येही जिथे रेंज नसते तिथे हेच करतो.
थंडीतलं वेगळंच. स्पितीला ३० टक्के दाखवत असताना फोन पटकन बंद पडला. आतल्या खिशात, अंगाशी ठेवला, ऊब मिळाल्यावर परत चालू. थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, चार्ज असूनही देता येत नाही.

चहाबाज
स्पितीचे फोटो टाक ना. कधी गेलेलास? बाइकने?

भटक्या
एसटी महामंडळाची सवय, तिकडेही सरकारी बसनेच 😀 वेगळा धागा काढतो.

विरारफास्ट
पोचलो. मी सगळी अॅप्स दर तासाला सरकवून बंद करतो, ते कोणी लिहिलं नाही?

ओमचा नियम
कारण त्याने वाचत नाही. तेच अॅप पुन्हा पहिल्यापासून उघडायला जास्त वीज लागते. खरी खाणारी स्क्रीन. काळी थीम लावली म्हणजे झालं असं लोक समजतात, पण ती फक्त ओलेड पडद्यावर उपयोगी (त्यात काळे ठिपके विझलेलेच असतात), एलसीडीवर नाही (मागचा दिवा चालूच राहतो). पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये तपासलं होतं, पूर्ण उजेडावर ३९ ते ४७ टक्के वाचतात, पण आपण घरात ठेवतो तशा ३०-५० टक्के उजेडावर सरासरी ३ ते ९ च. म्हणजे उन्हात प्लॅटफॉर्मवर फायदा, रात्री पांघरुणात फारसा नाही.

माटुंगाकर
हे माहीत नव्हतं. छान!

जुई
पॉवर बँक १०००० एमएएचची आहे, माझा ५००० चा फोन दोनदा का भरत नाही? फसवतात का

ओमचा नियम
फसवत नाहीत. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. फोनला ५ व्होल्ट करून द्यावे लागतात, त्यात आकडा घटतो, वर थोडी उष्णतेत जाते. हाती ६००० ते ६५०० धरून चाल. विमानाने जाणार असशील तर ती हातातल्या बॅगेतच ठेव, चेक-इनला चालत नाही.

निवृत्त पार्लेकर
आणि लांबच्या रेल्वेत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात. नातवाला सांगून ठेवा, आमचा कणकवलीपर्यंत रुसून बसला होता.

सानपाडा
घाईत विचारतेय. जुन्या लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय, झाकण नीट बसत नाही. मुलगा म्हणतो जड पुस्तक ठेव वर. लॅमिंग्टन रोडच्या दुरुस्तीच्या दुकानात नेऊ का?

ओमचा नियम
पुस्तक नको!! बॅटरी फुगली आहे, आत वायू झालाय. आत्ताच बंद करा, चार्जर काढा, दाबू नका, टोचू नका. पडदा-गादीपासून लांब, फरशीवर ठेवा. लोकलच्या गर्दीत नेऊ नका, रिक्षा-टॅक्सीने अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या. बॅटरी काढून नवी बसवतील, जुनी त्यांच्याकडेच द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात अजिबात नको.

भटक्या
आणि नवी घेताना स्वस्तातली डुप्लिकेट नको. काही दुकानांत हुबेहूब स्टिकर लावून विकतात.

सानपाडा
बंद केला, बाल्कनीत ठेवलाय.

ओमचा नियम
बाल्कनीत ऊन येतं का?

सानपाडा
येतं. आत आणते, स्वयंपाकघराच्या ओट्यावर गॅसपासून लांब चालेल?

ओमचा नियम
ओटा नको, न्हाणीघराबाहेरची मोकळी फरशी बघा. आणि उद्या सकाळीच न्या.