भुसावळला घेतलेली जुनी इलेक्ट्रिक गिटार, नावाचा बिल्ला गेला, साल कसं काढायचं?

वरणगावकर_काका

नमस्कार मंडळी, मोबाईलवर टाइप करून राहिलो, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे एक इलेक्ट्रिक गिटार आहे, १९७९ साली घेतलेली, मी तेव्हा सतरा वर्षांचा. भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये एक गार्डसाहेब राहायचे, अँग्लो-इंडियन, ते सगळं कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं आणि घरातलं सामान विकायला काढलं. वडील पलंग बघायला गेले होते, मी सोबत, आणि परत येताना आमच्याकडे पलंग नव्हता, गिटार होती. साडेतीनशे रुपये. वडील महिनाभर माझ्याशी फक्त "जेवलास का" एवढंच बोलायचे.

हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला, पत्र्याचा छोटा बिल्ला होता, तो कधीतरी पडला, आता नुसती दोन भोकं आहेत. नाव लक्षात नाही. साहेब म्हणायचे की भाऊ बोटीवर होता त्याने आणली.

नंतर आम्ही ऑर्केस्ट्रा काढला, चोपडा, चाळीसगाव, पाचोरा, लग्न म्हणा गणपती म्हणा, आणि त्या पंधरा वर्षांत मी तिचे जे हाल केले ते सांगायला लाज वाटते पण सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही. १९८६ ला गॅरेजवाल्या दोस्ताकडून लाल ड्युको मारून घेतला, मोटरसायकलची टाकी रंगवून उरला होता तो. १९९१ ला मुंबईहून, धोबी तलावच्या दुकानातून, एक हंबकर पिकअप (तारांचा आवाज पकडणारा, दोन कॉइलचा) आणला आणि तो बसेना म्हणून सुताराच्या छिन्नीने खड्डा मोठा केला. पिकगार्ड (तारांखालचं झाकण) वाकला होता, त्याच्या जागी नंबर प्लेटवाल्याकडून सनमायका कापून लावला. सूर हलवायचा व्हायब्रेटोचा दांडा हरवला.

आता रिटायर झालो, नातीला शिकायचंय म्हणून बाहेर काढली तर फ्रेटची (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं हाताला करवतीसारखी लागतात, आवाज कमी-जास्त करायचे पॉट खरखर करतात, हम्म असा आवाज कायम. भाचा म्हणतो अमेरिकन फेंडर कंपनीची आहे, १९६५ ची, विकली तर घर होईल. जळगावचा एक जण म्हणतो चार हजार देतो, आत्ता. यातला खरा कोण? आणि लाल रंग काढून पहिल्यासारखी करायची का?

तारवाला_धुळे

काका, दोघांचंही ऐकू नका. भाच्याला घर दुसरीकडून बांधू द्या.

आधी हे समजून घ्या की अशा गिटारीला एक साल नसतं, प्रत्येक पार्टचं साल वेगळं. तुमचा ड्युको ८६ चा, पिकअप ९१ चा, हे तुम्हाला पाठ आहे, आता जे तुमच्या आधीचं आहे तेवढंच शोधायचं. तारा सैल करा (एकदम कापू नका, हळूहळू सगळ्या) आणि मानेमागचे चार स्क्रू काढा. स्क्रू ड्रायव्हर नीट बसणारा घ्या कारण जपानी असेल तर स्क्रूची खाच आपल्या फिलिप्सपेक्षा थोडी वेगळी असते, ड्रायव्हर घसरतो आणि डोकं सोलतं. मान काढली की खालच्या खोबणीत बघा, तिथे रंगारी सहसा पोचत नाही, मूळ रंग तिथे सापडतो. फेंडर असेल तर मानेच्या टोकाला तारीख असायची, आधी पेन्सिलने आणि ६२ पासून शिक्का.

मग पॉट काढून मागे बघा. अमेरिकन पॉटवर सहा-सात आकडी नंबर असतो. पहिले तीन आकडे कंपनीचे, १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, पुढे साल आणि शेवटचे दोन आकडे आठवडा. म्हणजे १३७६५२३ असेल तर सीटीएस, ६५ साल, तेविसावा आठवडा. त्यावरून एवढंच कळतं की गिटार त्याच्या आधीची नाही. तेही पॉट कुणी बदलला नसेल तरच, आणि तुमचा हात बघता मला शंका आहे.

एक सांगा, नटच्या (वर तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) अगदी पुढे एक जास्तीची फ्रेट आहे का? आणि तुमचा एखादा जुना फोटो आहे का, ८६ च्या आधीचा?

शिरपूरना_बेंजोवाला

काका पाय लागू. आमनी बँड पार्टी शे, तीन पिढ्यास्नी, म्हणून दोन गोष्टी सांगस.

रंग काढानं नाव घेऊ नका भो. आमच्या एका पोऱ्याने बेंजोचा रंग काढायला हीट गन लावली, आत प्लाय निघाला, सगळे थर पुरणपोळीगत सुटले. रंग काढायचं ते लिक्विडही नका लावू, थरात शिरतं.

फ्रेटचं म्हणाल तर फ्रेट वाढली नाही, लाकूड आटलं. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातं, हवेत ओल नाही, फिंगरबोर्ड आकसतो आणि धातू तिथल्या तिथे राहतो, म्हणून टोकं बाहेर. एक पावसाळा जाऊ द्या मग जेवढी राहतील तेवढीच बारीक कानसने आडवी घासा, उन्हाळ्यात घासली तर जास्त जाईल. आणि लाकडाला गोडंतेल, सरकीचं तेल काही लावू नका, चिकट होऊन धूळ धरतं (काका लावलंय ना? खरं सांगा).

हम्म येते तेव्हा तार हाताने धरून बघा. आवाज कमी झाला तर ठीक, काहीच फरक पडला नाही तर ब्रिजला (खाली तारा जिथे टेकतात तो भाग) जाणारी अर्थची वायर तुटलेली आहे. आणि सगळ्यात आधी अ‍ॅम्पची प्लग बघा, थ्री पिन आहे का नि घरात अर्थिंग खरंच आहे का. लग्नात जनरेटरवर वाजवताना माइकला ओठ लागला आणि माझ्या काकाला जो झटका बसला तो बठ्ठा गावनी पाहिला, लोकांना वाटलं नाचतोय.

वरणगावकर_काका

गोडंतेल आईने लावलं होतं, ८३ मध्ये, दिवाळीला. मी नाही.

मान काढली, दोन तास लागले. खोबणीत पिवळट तपकिरी रंग आहे, कडेला काळा होत गेलेला. सालबिल काही लिहिलेलं नाही. मागच्या पत्र्यावर मेड इन जपान आहे, नंबर नाही. दोन पॉट अगदी छोटे, त्यांच्यावर तसला आकडा नाही, तिसरा मीच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, आठवलं. नटपुढे जास्तीची फ्रेट आहे, मला आयुष्यभर वाटायचं सगळ्यांनाच असते. तार धरली तर आवाजात काडीचा फरक नाही. अर्थिंग पाहायला इलेक्ट्रिशियन बोलावला, तो म्हणे वायर आहे पण खाली जमिनीत कुठेच जात नाही. घर बांधून २६ वर्षं झाली!

फोटो मिळाला, १९८१, मामाच्या लग्नातला. ब्लॅक अँड व्हाइट. त्यात पिकगार्ड चकाकतोय, धातूचा, त्यावर उभ्या पट्ट्या पट्ट्या, आणि घरातल्या लाईटच्या बटणासारखी दोन बटणं. पिकअप दोन, मध्ये जाळीसारखं काहीतरी. माझे केस बघून नात हसून हसून पडली.

तारवाला_धुळे

पट्ट्यांचा धातूचा पिकगार्ड, रॉकर स्विच (ती दोन बटणं), झीरो फ्रेट (ती जास्तीची), जाळीचे पिकअप. काका ही फेंडर नाही, स्ट्रॅटला (फेंडरचं प्रसिद्ध मॉडेल) झीरो फ्रेट नसतेच. हे सगळं लक्षण टाइस्कोचं. टोकियोची कंपनी, १९४६ ची, साठच्या दशकात हजारोंनी गिटारी परदेशात पाठवल्या, वेगवेगळ्या दुकानांच्या नावाने पण, त्यामुळे बिल्ल्यावर दुसरंच नाव असू शकतं. १९६७ ला जपानच्याच कावाई कंपनीने ती विकत घेतली. तुमची साठच्या दशकाच्या मधली किंवा शेवटाकडची धरा. यांच्या नंबरांचा धड हिशोब लागत नाही, तुमच्याकडे तर नंबरच नाही, त्यामुळे कोणी महिना सांगायला लागला तर चहा पाजून वाटेला लावा.

आता महत्त्वाचं. ९१ ला काढलेला तो जाळीचा पिकअप कुठाय?? जाळीमागे सोनेरी कागद होता का? त्याला गोल्ड फॉइल म्हणतात आणि आज लोक पूर्ण गिटार नुसत्या त्या पिकअपसाठी घेतात. विश्वमोहन भट्टांसोबत ग्रॅमी मिळवणारा अमेरिकन गिटारवादक राय कूडर, त्याने आपल्या स्ट्रॅटमध्ये टाइस्कोचा हाच पिकअप बसवला, तेव्हापासून या डबड्याला भाव आला. चार हजारवाल्याला हे माहीत असणार बरं का.

नुसता_वाचक

माझं मत वेगळं. एवढं सगळं कळलंच आहे तर पूर्ण ओरिजिनल करा ना, सनबर्स्ट (मध्ये पिवळट, कडेला काळा) मारून, बिल्लाही ऑनलाइन मिळतो. लाल ड्युको म्हणजे ट्रॅक्टर वाटतो.

तारवाला_धुळे

आज मारलेला सनबर्स्ट हा २०२० नंतरचा रंग, ड्युको निदान ८६ चा तरी आहे. आणि भलत्या नावाचा बिल्ला लावला की पुढच्या माणसाला आपण फसवतो. काकांनी वायरिंग नीट करावं, ब्रिजची अर्थ जोडावी, छोटे पॉट फेकू नयेत, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून चाळीस-पन्नास वेळा फिरवावेत, बहुतेक खरखर जाते. छिन्नीचा खड्डा भरत बसू नका, वर पत्र्याचा पिकगार्ड आला की झाकला जाईल.

शिरपूरना_बेंजोवाला

पिकअप सापडला तर आधी मल्टिमीटर लावा, किलोओहमवर ठेवून. काही किलोओहम, म्हणजे काही हजार ओहम, दाखवले तर जिवंत. काहीच नाही दाखवलं तर आत तार तुटली. पण पंखा-मोटर रिवायंडिंगवाल्याकडे सरळ देऊ नका, पिकअपची तार केसासारखी बारीक असते, त्यांच्या मशीनवर तटातट तुटते.

वरणगावकर_काका

सापडला! बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, शर्टाची बटणं, जुनी किल्ली आणि दोन रेल्वे पासच्या खाली. सोनेरी कागद आहे, एका कोपऱ्यात काळा पडलाय. जावयाने मीटर लावला, ४.८ दाखवतोय. म्हणजे जिवंत ना?

चार हजारवाल्याला नाही म्हणून कळवलं तर तो लगेच नऊवर आला.

अर्थिंगचा खड्डा आज खणला, कोळसा-मीठ टाकून. बायको म्हणते गिटारीमुळे का होईना घराचं एक काम झालं. लाल रंग राहू देतोय. नंबर प्लेटवाल्याचं दुकान अजून आहे, आता मुलगा बसतो, त्याला ८१ चा फोटो दाखवला आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कापायला टाकला. पट्ट्या काढून देतो म्हणाला, शुक्रवारी या. मी निघालो तेव्हा मागून ओरडला, "काका, नंबर कोणता टाकू?"