अंगणातले सायकल जम्प आणि रेताड माती: चिकणमाती किती, कुठे, कशी

विषय: अंगणात मातीचे जम्प, जमीन मात्र रेताड

नमस्कार मंडळी,

मागच्या अंगणात मुलांना सायकलसाठी मातीचा जम्प बांधायचा आहे. टेक-ऑफ, मधे सपाट माथा आणि पलीकडे लँडिंग, म्हणजे टेबलटॉप. उंची ९० सेंटीमीटरच्या आत. जमीन रेताड आहे. ओली असताना मूठ वळते, वाळली की बोट लावलं तरी ढासळते. बरणीतली चाचणी केली आहे: वाळू साधारण ८५ टक्के, गाळ १०, चिकणमाती ५.

बाहेरून चिकणमाती आणायची तयारी आहे. पण किती आणायची, मिसळायची कशी, आणि अख्खा ढीग मिश्रणाचाच करायचा की फक्त वरचा थर, हे ठरत नाहीये. कंपोस्ट घाला, सिमेंट घाला, बेंटोनाइट घाला असेही सल्ले मिळाले आहेत. यातलं खरंच काय टिकतं?

---

विषय: रि: अंगणात मातीचे जम्प, जमीन मात्र रेताड

ताई, नमस्कार.

माती आणण्याआधी चाचणी केलीत हे उत्तम. ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी: सरळ उभ्या बाजूंची काचेची बरणी घ्या, तिच्यात एक तृतीयांश माती (मुळं आणि खडे काढून), वर पाणी आणि चमचाभर भांडी घासायचा साबण. पाच मिनिटं जोरात हलवून ठेवून द्या. एका मिनिटात तळाशी बसते ती वाळू, तिथे खूण करा. दोन तासांनी दुसरी खूण, तो गाळ. त्यानंतर एक-दोन दिवसांत वर जो थर बसतो ती चिकणमाती. हा शेवटचा थर पाण्याने फुगलेला असतो, त्यामुळे बरणीत चिकणमाती असते त्याहून थोडी जास्तच दिसते. म्हणजे तुमचे ५ टक्के प्रत्यक्षात कमीही असतील.

रेताड माती का ढासळते ते आधी बघू, कारण पुढचे सगळे आकडे त्यावरच उभे आहेत. वाळूच्या कणांना एकमेकांना धरून ठेवणारं काही नसतं. कोरडी वाळू स्वतःहून ३० ते ३५ अंशांपर्यंतच उभी राहते. टेक-ऑफची वक्रता ३ मीटर त्रिज्येची आणि उंची ९० सेंटीमीटर धरली, तर लिपपाशी, म्हणजे टेक-ऑफच्या वरच्या कडेशी, उतार ४५ अंश होतो. ओल्या वाळूला कणांमधलं पाणी धरून ठेवतं, म्हणून बांधताना सगळं छान दिसतं. ते पाणी उडालं की पकड गेली, आणि लिप सगळ्यात आधी वाळते.

तेव्हा बांधणारं द्रव्य हवं, आणि ते म्हणजे चिकणमाती, एकूण मिश्रणाच्या २० ते २५ टक्के. १५ च्या खाली पृष्ठभागाचा भुगा होतो, ३५ च्या वर वाळताना भेगा पडतात आणि ओलं असताना चाक घसरतं.

मात्र बाहेरून ‘चिकणमाती’ म्हणून जी येते ती शंभर टक्के चिकणमाती नसते. तिचीही बरणी लावा. मग हिशोब सोपा आहे: हव्या असलेल्या टक्क्यांतून तुमच्या मातीचे टक्के वजा करा, आणि आलेल्या मातीच्या टक्क्यांतून तुमच्या मातीचे वजा करा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. २० टक्के हवेत, आणलेली माती ५० टक्क्यांची आहे: १५ भागिले ४५, म्हणजे एक तृतीयांश. दोन बादल्या तुमची माती, एक बादली चिकणमाती. आणलेली माती ३५ टक्क्यांचीच निघाली तर १५ भागिले ३०, म्हणजे निम्मी-निम्मी. मागवण्याआधी नमुना मागून घ्या, कारण या एका आकड्यावर खेपांची संख्या ठरते.

मिसळण्यात बहुतेकांचं बिनसतं. ओली चिकणमाती वाळूत मिसळतच नाही. तिचे गोळे होतात, गोळ्यांना बाहेरून वाळू चिकटते आणि आत तशीच चिकणमाती राहते. असा ढीग वाळला की गोळे सुटे होऊन निखळतात. म्हणून चिकणमाती ताडपत्रीवर ५ सेंटीमीटर जाडीत पसरून पूर्ण वाळवा, ढेकळं धुमसाने फोडा आणि १० मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. मग कोरडी वाळू आणि कोरडी चिकणमाती फावड्याने एका जागेवरून दुसऱ्या जागी निदान तीनदा ओढा. रंगाचे पट्टे दिसेनासे झाले की झालं. त्यानंतरच झारीने पाणी शिंपडत परता, झाका आणि रात्रभर मुरू द्या. चिकणमातीत पाणी हळू शिरतं. लगेच चोपायला घेतलं तर बाहेरून ओलं आणि आत कोरडं राहतं.

ओलावा बरोबर आहे का हे मुठीत कळतं. मूठ आवळली की गोळा झाला पाहिजे, पण तळहातावर पाणी दिसता कामा नये. तो गोळा कमरेच्या उंचीवरून टाका. तीन-चार तुकडे झाले तर ठीक. चुरा झाला तर पाणी कमी आहे. चपटा होऊन बसला तर पाणी जास्त आहे, अर्धा दिवस उघडं ठेवा.

---

विषय: रि: रि: अंगणात मातीचे जम्प, जमीन मात्र रेताड

काकांनी मिश्रणाचं सगळं नीट सांगितलं आहे, मी बांधणीचं आणि त्या तीन सल्ल्यांचं लिहितो.

कंपोस्ट अजिबात नको. सेंद्रिय माती स्पंजासारखी दबते आणि परत वर येते, वर ती कुजून बसत जाते. याच कारणाने जमिनीचा वरचा १०-१५ सेंटीमीटरचा गवत-मुळांचा थर सोलून बाजूला ठेवा, ढिगात घालू नका.

सिमेंट रेताड मातीला घट्ट करतं, यात शंका नाही. वजनाच्या ६ ते १० टक्के घातलं की माती दगडासारखी होते. अडचण अशी की जम्प एकदा बांधून संपत नाही. चालवून बघितल्यावर लिप दोन बोटं उतरवावीशी वाटते, लँडिंग लांबवावंसं वाटतं, आणि सिमेंटची माती फावड्याला दाद देत नाही. तिच्या कडा भुगा न होता ढलपे होऊन सुटतात, त्यावर नवा थर चिकटत नाही. मुलं पडणार आहेत त्या जागी मला ते नकोच वाटतं. सिमेंटच्या भुकटीने ओली त्वचा भाजते हेही लक्षात असू द्या.

बेंटोनाइट ही चिकणमातीच आहे, पण पाणी प्यायली की प्रचंड फुगणारी. थोडीशीच पुरते, म्हणून मोह होतो. ओली असताना ती साबणासारखी घसरते आणि वाळताना आकसून भेगा देते. साधी चिकणमाती मिळतच नसेल तर कोरड्या वजनाच्या ३ ते ४ टक्के, त्याहून जास्त नाही. एक घनमीटर चोपलेली माती साधारण १८०० किलो भरते, म्हणजे ५५ ते ७० किलो.

आता बांधणी. अख्खा ढीग मिश्रणाचा करायची गरज नाही. आतला गाभा तुमच्याच रेताड मातीचा, वरून मिश्रणाचं कवच: टेक-ऑफवर २० सेंटीमीटर, माथ्यावर आणि लँडिंगवर १५. पण वाळूच्या ढिगावर कवच नुसतं लिंपलं तर एका पावसाळी आठवड्यात पोपडे सुटतात. गाभा पायऱ्या-पायऱ्यांचा कापा, प्रत्येक पायरी १५ सेंटीमीटरची. कवच त्या पायऱ्यांवर आडव्या थरांनी भरा. थर १० सेंटीमीटर सुटा टाकायचा, धुमसाने चोपून ७ च्या आसपास आणायचा. धुमसाचा आवाज आधी बद्द येतो, थर बसला की टणक येतो. तो बदलेपर्यंत चोपा. पुढचा थर टाकण्याआधी खालचा पृष्ठभाग लोखंडी पंजाने २ सेंटीमीटर खरवडा आणि पाणी शिंपडा. गुळगुळीत थरावर टाकलेला थर वेगळाच राहतो, आणि तडा नेमका तिथून जातो.

टेक-ऑफ हव्या त्या आकारापेक्षा १० सेंटीमीटर जाड बांधा आणि दुसऱ्या दिवशी धारदार फावड्याने कापून आकारात आणा. भर घालून वक्रता जुळवायला गेलात तर वरचा पातळ थर कधीच धरत नाही. लिपचा माथा निदान ३० सेंटीमीटर रुंद ठेवा. धारेसारखी लिप दिसायला छान दिसते आणि पहिल्या चाकाला तुटते.

---

विषय: रि: रि: रि: अंगणात मातीचे जम्प, जमीन मात्र रेताड

काका, दादा, मनापासून आभार. दोन प्रश्न राहिले. चिकणमाती मागवायची किती? आणि बांधून झाल्यावर पाण्याचं काय करायचं, घालायचं की अडवायचं?

---

विषय: रि: रि: रि: रि: अंगणात मातीचे जम्प, जमीन मात्र रेताड

ताई, मुलं नवशिकी असतील तर ९० ऐवजी ६० सेंटीमीटर करा. त्रिज्या तीच ३ मीटर ठेवली तर लिपचा उतार ३७ अंशांवर येतो. चाक कमी उसळतं आणि मातीवरचा ताणही कमी होतो.

६० च्या उंचीचा हिशोब असा. टेक-ऑफचा वक्र १.९ मीटर लांब, रुंदी दीड मीटर, कवच २० सेंटीमीटर: जवळपास ०.६ घनमीटर. माथा १.८ मीटर लांब, दीड मीटर रुंद, कवच १५: ०.४. लँडिंग २५ अंशांचं, उताराची लांबी १.४ मीटर, रुंदी २ मीटर: ०.४ च्या वर. एकूण १.४ घनमीटर चोपलेलं. सुटी माती चोपल्यावर पंचवीस ते तीस टक्के दबते, म्हणून सुटं मिश्रण १.९ घनमीटर लागेल. आणलेली माती ५० टक्क्यांची धरली तर त्याची तिसरी वाटणी चिकणमाती, म्हणजे ०.६ ते ०.६५. पुढच्या डागडुजीसाठी थोडी वाढवून ०.८ घनमीटर मागवा, १० लिटरच्या ८० बादल्या. अख्खा ढीग मिश्रणाचा केला असता तर याच्या दुपटीहून जास्त लागली असती.

गाभ्याची वाळू अंगणातूनच काढणार असाल तर खड्डा उथळ आणि पसरट घ्या. रेताड जमिनीतला खोल, उभ्या कडांचा खड्डा न सांगता ढासळतो, आणि मुलं खेळायला तिथेच जातात. खणण्याआधी जमिनीखालून वीज, गॅस, पाण्याच्या वाहिन्या कुठून जातात ते तपासून घ्या.

---

विषय: रि: रि: रि: रि: रि: अंगणात मातीचे जम्प, जमीन मात्र रेताड

पाण्याचं मी सांगतो. ताई, दोन्ही करायचं.

रेताड जमिनीचा मोठा फायदा म्हणजे खाली पाणी साचत नाही. पण कवच चिकणमातीचं असल्यामुळे त्यावर पडलेलं पाणी मुरत नाही, वाहतं. माथा बाजूकडे किंचित कलता ठेवा, मीटरला २ सेंटीमीटर पुरे. टेक-ऑफच्या पायथ्याशी, जिथे वक्र सुरू होतो, तिथे पाणी अडलं की आधी चिखल आणि मग चाकाची चाकोरी होते, म्हणून तिथून बाजूला उथळ चर काढा.

बांधल्यावर चार-पाच दिवस झाकून ठेवा, सावकाश वाळू द्या, त्यात चालवू नका. कडक उन्हात उघडं टाकलं तर २५ टक्क्यांचं मिश्रणही तडकतं. नंतर चालवण्याच्या तासभर आधी झारीने हलकं पाणी: पृष्ठभागाचा रंग गडद व्हावा, चकाकी येऊ नये. अंगठा दाबल्यावर खूण उमटली तर त्या दिवशी चालवायचं नाही. चालवून झाल्यावर केराच्या झाडूने सुटी वाळू काढून टाका, तीच पुढे सगळं घासत राहते.

रोज पाणी मारूनही पृष्ठभाग भुरभुरत असेल तर चिकणमाती कमी पडते आहे. वरचे ५ सेंटीमीटर खरवडून त्यात कोरडी चिकणमाती मिसळा आणि परत चोपा. केसासारख्या बारीक भेगा चालतील. नखाच्या कडेइतकी रुंद भेग पडली तर ती वरून सारवून बुजवू नका. भेगेच्या दोन्ही बाजू धरून ५ ते ७ सेंटीमीटर खोल, तळाशी रुंद असा खाचा कापा, कडा ओल्या करा, मुरवलेलं मिश्रण दोन थरांत चोपून भरा आणि दुसऱ्या दिवशी वरचं कापून सपाट करा. यासाठी आधीच मिसळलेलं एक पिंप कोरडं मिश्रण झाकून ठेवलेलं असावं, म्हणजे डागाची माती आणि मूळ माती एकच राहते.

ताडपत्री जम्पला चिकटून महिनोन्महिने ठेवू नका. खाली घाम धरतो आणि लिप मऊ पडते. दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या ठेवून मधे हवा खेळेल अशी टाका, आणि ऊन पडलं की काढून ठेवा.