कार स्टिरिओचा पडदा चालू, पण चारही स्पीकर मुके. मदत हवी आहे

वळणवाट

नमस्कार मंडळी,

गाडीतल्या स्टिरिओचा आवाज पूर्ण बंद झालाय. पडदा लागतो, फोन ब्लूटूथला जोडला जातो, गाण्याचं नाव दिसतं, वेळेची पट्टी पुढे सरकते. रेडिओ लावला तर स्टेशनही पकडतं. पण स्पीकरमधून काही नाही. खरखर नाही, घूं नाही, चावी फिरवल्यावर पूर्वी जो बारीक 'टप्प' यायचा तोसुद्धा नाही.

गाडी हॅचबॅक, वापरलेली घेतलेली. स्टिरिओ गाडीबरोबर आलेला नाही, आधीच्या मालकाने बाहेरून बसवून घेतलेला टचस्क्रीनवाला आहे. वेगळा अँप (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) किंवा सबवूफर नाही. पूर्ण बंद पडायच्या आधी काही दिवस आवाज मधूनच जायचा आणि एखादा खड्डा लागला की परत यायचा. मग एकदा गेला तो आलाच नाही.

आतापर्यंत पाहिलेलं: म्यूट, फेडर, बॅलन्स. फॅक्टरी रीसेट. डॅशबोर्डखालच्या पेटीतला आणि युनिटच्या पाठीवरचा असे दोन्ही फ्यूज, शाबूत आहेत. बॅटरीची निगेटिव्ह काढून पुन्हा लावली, फरक शून्य.

एका इलेक्ट्रिशियनने उघडूनही न बघता "आतली आयसी उडाली, नवीन टाका" असं सांगितलं. उडाली असेलही, पण बाकी सगळं व्यवस्थित चालत असताना एवढ्यावर नवीन युनिट घ्यायला मन होत नाही. घरी मल्टिमीटर आहे, जेमतेम वापरता येतो. युनिट बाहेर काढायची तयारी आहे. कुठून सुरुवात करू?

मागची सीट

सोप्यापासून सुरू करा. बऱ्याच टचस्क्रीन युनिटमध्ये ऑडिओच्या मेनूत आतला अँप बंद करायचा पर्याय असतो, बाहेरचा अँप लावणाऱ्यांसाठी. रीसेटने तो जागेवर यायला हवा, तरी एकदा नजर टाका. दुसरं, पाठीमागे म्यूटची एक वायर असते, जुन्या हँड्सफ्री किटसाठी. ती कुठे बॉडीला, म्हणजे गाडीच्या लोखंडाला, टेकली की युनिटला वाटतं फोन आलाय आणि ते आवाज दाबून धरतं. पडद्यावर तशी काही खूण दिसते का?

रिव्हर्स गिअरचा सिग्नल अडकूनही काही युनिट गप्प होतात, पण मग रिव्हर्सचा पडदाही अडकलेला दिसला असता.

उगाच एक

एवढी खटपट कशाला? ही बाहेरची युनिटं अशीच जातात. बदला आणि मोकळे व्हा.

शून्य ओहम

थांबा, घाई नको. पडदा लागतोय म्हणजे युनिट चांगलं, हे चूक. आणि आवाज नाही म्हणजे आयसी गेली, हेही तितकंच चूक. पडदा, रेडिओ, ब्लूटूथ हा एक भाग आणि स्पीकर हलवणारी अँपची चिप हा वेगळा. या चिपला चारही स्पीकरचं काम एकटीला करावं लागतं. टीडीए ७३८८ किंवा तिच्या जातीची, पंचवीस पायांची, युनिटच्या पाठीवरच्या ॲल्युमिनियमला स्क्रूने आवळलेली असते.

तिच्यात स्वतःला वाचवायची सोय असते. स्पीकरची एखादी वायर बॉडीला लागली, बारा व्होल्टला लागली किंवा जोडीतल्या दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, की ती जळण्याआधी गप्प होते. बऱ्याच चिपमध्ये एका चॅनलवर शॉर्ट असला तरी चारही बंद होतात. म्हणून चारही स्पीकर मुके झाले की मी आधी एखाद्याच वायरीवर संशय घेतो. चार स्पीकर एका दिवशी मरत नाहीत. त्यात तुम्ही म्हणता खड्ड्यात आवाज परत यायचा. चिप उडाली असती तर खड्ड्याने ती दुरुस्त झाली नसती. कुठेतरी काहीतरी टेकतंय आणि सुटतंय.

आता मोजणी. आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: आजच्या स्टिरिओत स्पीकरची निगेटिव्ह म्हणजे बॉडी नव्हे. दोन्ही वायरी चिपमधूनच येतात आणि चिप जागी असली की दोन्हींवर बॉडीच्या मानाने बॅटरीच्या साधारण निम्मे, म्हणजे सहा-सात व्होल्ट असतात. त्यामुळे स्पीकरची कुठलीही वायर बॉडीला जोडून बघायची नाही, टेस्ट लॅम्प तर अजिबात लावायचा नाही.

युनिट बाहेर ओढून घ्या, चालू करा, मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी पिन बॉडीच्या रंग नसलेल्या लोखंडावर, लाल पिन स्पीकरच्या आठही वायरींवर एकेक करून. बाहेरून घेतलेल्या युनिटला सहसा पांढरी जोडी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळी रेघ असलेली वायर त्या त्या जोडीतली निगेटिव्ह. पण हे झालं युनिटच्या बाजूचं. त्यापुढे आधीच्या वायरमनने काय जोडलंय ते देव जाणे, रंगांवर आंधळा विश्वास नको.

आठहीवर सहाच्या आसपास आले तर चिप जागी आहे, गाणंच तिच्यापर्यंत पोचत नाही. मग मागची सीट यांनी सांगितलेली म्यूटची वायर बघायची. आठहीवर शून्य आलं तर चिप एकतर झोपलीय किंवा बचावात गेलीय. तसं असेल तर युनिट बंद करून फक्त स्पीकरचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) काढा, पुन्हा चालू करा आणि युनिटच्या पिनांवर परत मोजा. हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

जोडीतल्या दोन वायरींमध्ये मात्र जवळजवळ शून्यच यायला हवं. तिथे एखाद-दोन व्होल्ट स्थिर दिसले तर चिप खरंच बिघडलीय. असं युनिट स्पीकरची कॉइलही जाळतं.

पाना-पकड

शून्य ओहम यांनी एक सांगायचं राहिलं. युनिट ओढताना बॅटरीची निगेटिव्ह काढलेली असू दे, मोजायच्या वेळी परत लावा. आणि डॅशबोर्डमध्ये हात घातला की पिवळ्या रंगाचे कपलर दिसतील, त्यांना हात लावायचा नाही. ते एअरबॅगचे असतात. स्टिरिओच्या कपलरमधली एकटी पिवळी वायर वेगळी, ती कायम चालू असलेली बारा व्होल्टची. लाल ती चावीबरोबर येणारी, काळी ती अर्थ, म्हणजे बॉडीला जाणारी. कंपनीचं मूळ युनिट असतं तर बॅटरी काढल्यावर कोड मागण्याची शक्यता होती, तुमच्याकडे तो प्रश्न नाही.

वळणवाट

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. आज सकाळी युनिट काढलं. पाठीमागे चिकटपट्टीचं जंगल आहे, त्याबद्दल न बोललेलं बरं.

पिवळी १२.५ व्होल्ट. लाल, चावी फिरवल्यावर १२.४. काळी आणि बॉडी यांच्यात ०.१ ओहम. म्यूटच्या वायरीचं टोक मोकळं आणि नीट झाकलेलं. अँप बंद करायचा पर्याय मेनूत सापडला, तो 'चालू'वरच होता.

स्पीकरच्या आठही वायरींवर शून्य. मग सांगितल्याप्रमाणे बंद केलं, स्पीकरचा कपलर काढला, पुन्हा चालू केलं. आठही पिनांवर ६.१ ते ६.२ व्होल्ट! जोड्यांमध्ये ०.०१, ०.०२ असं काहीतरी.

चिप जिवंत आहे असं समजू का?

शून्य ओहम

खुशाल समजा. ओझं काढल्यावर जागी झाली म्हणजे भांडण गाडीच्या वायरींशी आहे. नवं युनिट बसवलं असतं तर तेही याच तारांवर गप्प बसलं असतं.

आता कपलर काढलेलाच ठेवा, मीटर ओहमवर, आणि गाडीकडच्या बाजूने मोजा. प्रत्येक जोडीत तीन ते चारच्या मध्ये यायला हवं. चार ओहमचा स्पीकर मीटरवर थोडा कमीच दिसतो. मग प्रत्येक वायर आणि बॉडी यांच्यात बघा. तिथे काहीच यायला नको, मीटर पूर्ण उघडा, म्हणजे जोडच नसल्यासारखा, दिसला पाहिजे.

वळणवाट

जोड्या: ३.६, ३.७, ३.६, ३.८. बॉडीशी आठही वायरी उघड्या, कुठेच काही नाही. म्हणजे वायरींतही दोष नाही? आता खरंच गोंधळलो.

शून्य ओहम

मोजताना दारं उघडी होती का?

वळणवाट

हो, चारही सताड उघडी. आत फार उकडत होतं.

शून्य ओहम

सगळी लावून घ्या आणि परत मोजा. घाम पुसायला फडकं घेऊन बसा.

वळणवाट

सापडलं!

दारं लावल्यावर जांभळ्या जोडीतली बिनरेघेची वायर बॉडीशी ०.८ ओहम दाखवते. मीटर तिथेच लावून ठेवला आणि घरातल्या एकाला मागचं उजवं दार हळूहळू उघडायला सांगितलं. दार साधारण निम्म्यापर्यंत येईतो आकडा तसाच, मग दोन-तीन वेळा थरथरला आणि गायब. परत लावलं की परत ०.८. बाकीच्या तीन दारांनी काही होत नाही.

मग कपलर जोडून, ते दार उघडं ठेवून चावी बंद-चालू केली. चारही स्पीकर वाजले, आणि मी आवाज चाचणीसाठी पूर्ण वर नेऊन ठेवलेला असल्यामुळे शेजारीही दारात आले. गाणं चालू असताना दार ढकललं की सगळं एकदम बंद.

मागची सीट

आणि गाडी चालवताना दारं लावलेलीच असतात, त्यामुळे कोणाला सुगावा लागत नाही. भारी पकडलंत.

पाना-पकड

दार आणि खांब यांच्यामध्ये बिजागरीजवळ सुरकुत्यांची रबरी नळी असते, वायरी तिच्यातून जातात. दार लागताना-उघडताना दरवेळी तिथेच वाकतात. जुन्या गाडीत हे दुखणं ठरलेलं. त्यातही कोणी नंतर नवी वायर ओढली असेल आणि ती नळीतून न नेता बाजूने सरकवली असेल तर लवकरच.

नळी खांबाच्या बाजूने सोडवा. कडेला ओठासारखी खाच असते, बोटांनी आत दाबत गोल फिरवली की निघते. पेचकसाने उचकटू नका, रबर फाटलं की दारात पाणी शिरतं.

जखम सापडल्यावर तिच्यावर नुसती टेप गुंडाळू नका. खराब तुकडा कापून टाका आणि त्याच जाडीच्या बारीक तारांच्या वायरीचा नवा तुकडा घाला, थोडा सैल राहील इतका लांब. जोड नळीच्या आत येऊ द्यायचा नाही. एक टोक दाराच्या आत, दुसरं खांबाच्या आत. सोल्डरचा डाग दिला तर तेवढी जागा ताठ होते आणि ताठ जागा वाकायच्या ठिकाणी आली की डागाच्या अगदी शेजारी तार तुटते. वरून हीट श्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी) चढवा.

हात घातलाच आहे तर त्याच नळीतल्या पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉकच्या वायरीही बोटांनी चाचपून घ्या. स्पीकरची वायर टेकली तर आवाज जातो, पण विंडोची टेकली तर फ्यूज जातो.

लगेच जमणार नसेल तर जांभळी जोडी युनिटच्या मागे सोडवा, दोन्ही टोकं वेगवेगळी झाका, तीन स्पीकरवर गाडी खुशाल चालवा.

अबोल

मध्येच घुसतोय. माझ्याकडेही आवाज नाही, पण सीटखाली वेगळा अँप आहे आणि त्याचा दिवाच लागत नाही. कुठून सुरू करू?

शून्य ओहम

अँपला जागं करणारी निळी-पांढरी वायर. युनिट चालू असताना अँपच्या रिमोटच्या स्क्रूवर बारा व्होल्ट हवेत. ते असतील तर बॅटरीजवळचा मोठा फ्यूज आणि अँपची अर्थ बघा. नसतील तर वायर मध्येच तुटलीय, किंवा चुकून निळ्या अँटेनाच्या वायरीला जोडलीय. ती काही युनिटमध्ये फक्त रेडिओ लावल्यावरच चालू होते. पुढचं विचारायचं तर वेगळा धागा काढा, इथे सरमिसळ होईल.

वळणवाट

नळी सोडवली. पाना-पकड यांचा अंदाज निम्मा बरोबर: वायरी नळीतूनच गेल्यात, पण नळीच खांबाच्या भोकातून खालच्या बाजूने निसटली होती. पत्र्याची कड उघडी पडली आणि जांभळी वायर नेमकी तिच्यावर घासत राहिली. नखाएवढ्या लांबीत प्लास्टिक गेलंय, आतलं तांबं हिरवट पडलंय, आणि पत्र्याच्या कडेवर तेवढ्याच जागी रंग उडून चकचकीत रेघ उमटलीय. विंडोच्या वायरीवर नुसता ओरखडा आहे, तांबं दिसत नाही. तिच्यावर कापडी टेप मारली.

नवा तुकडा घातला, जोड दोन्ही बाजूंना आत गेले, नळी भोकात नीट बसवली. दार कितीही आपटलं तरी आवाज जात नाही.

एक शंका उरलीय. आता चारही वाजतात, पण मागच्या उजव्या बाजूला बसलं की ढोलकीचा ठोका पोकळ लागतो. स्पीकर फाटलाय का?

शून्य ओहम

फाटला असता तर खरखरला असता. स्पीकरच्या कागदावर, म्हणजे हलणाऱ्या पडद्यावर, दोन बाजूंना बोटं ठेवून हलकेच आत दाबा. घासल्यासारखं काही लागलं नाही तर स्पीकर चांगला आहे. पोकळ ठोका म्हणजे बहुतेक त्याची जोडी उलटी लागलीय. मागचा डावा पुढे येतो तेव्हा हा मागे जातो आणि दोघं मिळून खालचे सूर खातात.

युनिटकडचा कपलर काढा, घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या, जांभळ्या जोडीला क्षणभर टेकवा. सेलचं प्लस बिनरेघेच्या वायरीला. कागद बाहेर उसळला तर बरोबर, आत गेला तर उलटं. डाव्यालाही तसंच करून ताडून बघा.

वळणवाट

डावा बाहेर येतो, उजवा आत जातो. डोअर पॅड काढून पाहिलं तर स्पीकरच्या पात्यांवरच दोन्ही वायरी अदलाबदल झालेल्या, टेप जुनी, म्हणजे गाडी माझ्याकडे यायच्या आधीपासून हे असंच आहे. बदलल्या. ठोका आता दणदणीत लागतो, आणि त्यामुळे डोअर पॅडची एक क्लिप सैल असल्याचंही कळलंय. ती उद्या बदलतो.